दोन मिनिटांचा समुद्र

आमच्या घरी बैठकीच्या भिंतीवर काबागृहाची एक तसबीर आहे, आयतुल कुर्सीची एक चौकट आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून समुद्राचे एक मोठे छायाचित्र आहे. पहिल्या दोन गोष्टींवर घरात कधी चर्चा झाली नाही. तिसरीवर झाली. खिळा ठोकण्यापूर्वी अम्मींनी चष्मा लावून ते छायाचित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "यात जानदार तर काही नाही ना?"

आम्ही म्हणालो, "नाही अम्मी. पाणी, किल्ला आणि आभाळ. बस्स."

अम्मींची तसल्ली झाली. खिळा ठोकला गेला. आमचे हे उत्तर खरे होते की खोटे, हे मात्र आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

छायाचित्र आमच्या भाच्याने काढलेले. तो कतारला वातानुकूलन यंत्रांच्या कामावर असतो. दोन वर्षांनी एकदा रजेवर येतो, तेव्हा अत्तर, खजूर, चॉकलेट यांच्या जोडीला या वेळी एक कॅमेरा, एक तिकाटी आणि एक काळी काच घेऊन आला होता. काच इतकी काळी की तिच्यातून दिव्याशिवाय काही दिसू नये. ही काच कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर लावतात. आम्ही विचारले, "अरे, दिसावे म्हणून कॅमेरा, आणि त्याच्यावर आंधळी काच?" तो म्हणाला, "मामू, तीच तर गंमत आहे."

गंमत अशी. ही काच येणारा प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करते. म्हणजे जे चित्र सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यात निघाले असते, त्याला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. ऊन उतरत गेले की एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे. तेवढा वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहतो. त्या काळात लाट येते, फुटते, मागे जाते, पुन्हा येते आणि सगळ्या लाटा एकाच कागदावर एकमेकींवर चढतात. शेवटी जो समुद्र उरतो त्यात लाट नसते. दूध सांडल्यासारखे किंवा धुके उतरल्यासारखे काहीतरी असते. ढगांचे पट्टे होतात. खडक मात्र तसेच्या तसे, काळेकभिन्न, एकेक कंगोरा स्पष्ट. हल्ली यासाठी काळी काचही लागत नाही. ॲपलने २०१७ मध्ये आपल्या फोनमध्ये असा परिणाम देणारी सोय दिली, आणि आज आमच्या सातवीच्या वर्गातल्या मुलांच्या मोठ्या भावांनाही ही युक्ती ठाऊक आहे.

ही चित्रे काढायची वेळ ठरलेली असते. सूर्य उगवण्याच्या आधीचा आणि मावळल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास. आपल्या किनाऱ्याची अडचण अशी की सूर्य समुद्रातून उगवत नाही. तो सह्याद्रीच्या पाठीमागून येतो. पहाटे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले तर क्षितिजावर खाली एक निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर एक गुलाबी पट्टा. भाच्याने सांगितले की तो निळसर पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची सावली. फजर पढून किनाऱ्यावर गेलेल्या आमच्यासारख्याने ती सावली आयुष्यभर पाहिली होती, पण ती कुणाची हे कधी विचारले नव्हते.

आपल्या लोकांना या वेळेची ओळख नवी नाही. सुब्हे काजिब आणि सुब्हे सादिक हा फरक आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही माहीत असतो. आधी आकाशात लांडग्याच्या शेपटीसारखा उभा उजेड येतो, ती खोटी पहाट. नंतर क्षितिजावर आडवा पसरत जाणारा उजेड येतो, ती खरी. संध्याकाळचेही तसेच. पश्चिमेची लाली गेली की इशाची वेळ झाली, असे आम्ही शाफई मानतो. इमाम अबू हनीफांच्या मते लालीनंतर राहणारा पांढुरका उजेडही जावा लागतो. उजेड कुठे संपतो यावर एवढ्या बारकाईने विचार करणारी माणसे आमच्या मागे उभी आहेत. आणि एक मौज पाहा. सूर्य ऐन उगवताना आणि ऐन मावळताना नमाज पढायची नसते, सूर्यपूजेचा भास होऊ नये म्हणून. नमाजीचे हात जेव्हा मोकळे असतात नेमक्या त्याच मिनिटांत या छायाचित्रकारांचे हात गुंतलेले असतात.

असो. आता त्या संध्याकाळची गोष्ट.

डिसेंबर महिना, अमावस्येच्या आसपासचे उधाणाचे दिवस. उधाणात आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि पाणी संपूर्ण उतरते ते मगरिबच्या आगेमागे. म्हणून भाच्याने तेच दिवस निवडले. आम्ही त्याच्या मोटारसायकलवर मागे तिकाटी घेऊन बसलो आणि हर्णैला गेलो. हर्णैचे बंदर ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव लागतो. पाणी उतरलेले असले की बोटी काठाला येऊ शकत नाहीत. मग त्या लांब नांगरून ठेवतात आणि बैलगाड्या थेट पाण्यात घालतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, वर पाट्या चढवणारी-उतरवणारी माणसे, वाळूवर बोली करणाऱ्या बायका, बर्फ, चिखल, कावळे, आरडाओरडा. आणि या सगळ्याच्या पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून तो घेतला, पण तट अजून उभा आहे.

भाच्याने गर्दीपासून जरा बाजूला, खडकावर तिकाटी लावली. सूर्य किल्ल्याच्या डावीकडे गेला होता. त्याने काच चढवली, बटण दाबायला हात पुढे केला आणि नेमका त्याच वेळी एक माणूस डोक्यावर पाटी घेऊन गुडघाभर पाण्यातून आमच्यासमोरून जाऊ लागला. एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. आम्ही शिक्षक माणसे, आवाज चढवायची सवय. ओरडलो, "भाई, जरा थांबा, फोटो होऊ द्या!" त्याने मान वळवून पाहिले. थांबला नाही. पाटीतून पाणी गळत होते, थांबणार कसा?

भाचा म्हणाला, "राहू द्या मामू. चालता माणूस फोटोत येत नाही. दोन मिनिटांत तो नाहीसा होतो."

आम्ही हसलो. म्हणालो, "मग बरेच झाले."

हे शब्द आम्ही इथे मुद्दाम जसेच्या तसे लिहीत आहोत.

छायाचित्र फारच सुंदर आले. खाली पांढुरके पाणी, त्यावर किल्ला तरंगल्यासारखा, वर तांबूस-जांभळे पट्टे. मधल्या बोटींच्या डोलकाठ्या हलल्यामुळे दुहेरी-तिहेरी झालेल्या. डाव्या कोपऱ्यात पाण्याच्या कडेला ओल्या खडकासारखी एक तपकिरी झाक. माणूस नाही, बैल नाही, लिलाव नाही. भाच्याने ते रत्नागिरीहून मोठे करून, चौकट लावून आणले आणि कतारला परत जाताना आम्हांला भेट दिले.

पुढच्या पावसाळ्यात काही मुले संध्याकाळी गणितासाठी आमच्या घरी येऊ लागली. त्यांत सातवीतला एक मुलगा, दालदी बिरादरीचा. हुशार, पण बोलायला लाजणारा. एके दिवशी पाटी-वही सोडून तो छायाचित्रासमोर उभा होता. आम्ही सांगितले, हर्णैचे आहे, अमुक महिन्यात, अमक्या तारखेला काढलेले. तो म्हणाला, "सर, उस रोज़ तो मेरे अब्बा भी वहीं थे." त्याने तारीख लक्षात ठेवली होती, कारण त्या दिवशी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता आणि अब्बा वेळेवर पोहोचले नव्हते म्हणून घरात भांडण झाले होते.

मग त्याने विचारले, "अब्बा कहाँ हैं इसमें?"

त्या क्षणी आम्हांला डोक्यावर पाटी घेतलेला तो माणूस आठवला. तोच त्याचा बाप होता असे नाही. तिथे शंभर माणसे होती. पण नव्हता असेही नाही.

बी.एड.ला आम्हांला शिकवले होते की मुलाचा प्रश्न कधी उडवून लावू नये. आम्ही म्हणालो, "हैं बेटा, इसी में हैं. दिखाई नहीं देते."

"कहाँ?" त्याने काचेवर बोट ठेवले.

अम्मींना आम्ही सांगितले होते, यात कुणी जानदार नाही. मुलाला सांगितले, यात तुझे अब्बा आहेत. एकाच भिंतीवरच्या एकाच चित्राबद्दल ही दोन उत्तरे. दोन्ही वेळा आमची नियत समोरच्याचे समाधान करण्याची होती. पण समाधान आणि सत्य हे एकाच पारड्यात घालता येत नाहीत, हे शिक्षकाला तरी कळायला हवे.

त्यानंतर आम्ही या विषयाचे मिळेल ते वाचत गेलो. कळले की हे प्रकरण आजचे नाही, छायाचित्रणाच्या जन्मापासूनचे आहे. १८३८ मध्ये पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाने आपल्या खिडकीतून बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. त्या काळी एका चित्राला काही मिनिटे लागत. रस्ता गजबजलेला होता, घोडागाड्या, पादचारी. चित्रात रस्ता रिकामा आहे. सगळे चालते होते म्हणून सगळे गेले. उरला एक माणूस, जो बूट पुसून घ्यायला एका जागी उभा राहिला होता. माणसाचे छायाचित्र म्हणून ज्ञात असलेले हे सर्वांत जुने चित्र मानतात. पुढच्या वर्षी तारयंत्राचे मोर्स पॅरिसला होते, त्यांनी ते चित्र पाहिले आणि नेमकी हीच गोष्ट पत्रात लिहून घरी कळवली. आता यातली मेख पाहा. बूट पुसून घेणारा स्पष्ट आहे. बूट पुसणारा शेजारी आहे, पण धूसर, नीट शोधावा लागतो. त्याचे हात चालले होते ना!

उलट त्रासही माणसांनी सोसला आहे. १८५६-५७ च्या सुमारास ग्युस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराला लाट थांबवायची होती. त्या काळच्या काचेच्या पट्टीवर समुद्र नीट आला तर आभाळ पांढरेफटक पडे आणि आभाळ नीट आले तर समुद्र काळा. म्हणून तो समुद्र एका काचेवर आणि आभाळ दुसऱ्या काचेवर घेई आणि दोन्ही जोडून एक चित्र छापी. लोकांनी त्याची वाहवा केली. म्हणजे एकाने दोन क्षण जोडून एक क्षण केला, आणि आमच्या भाच्याने दोन मिनिटे दाबून एक क्षण केला. कोण अधिक खोटा? आम्हांला वाटते, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आपला डोळा तरी कुठे खरा आहे? पंख्याची पाती फिरू लागली की आपल्याला पाती दिसत नाहीत, एक करडे वर्तुळ दिसते. डोळ्यालाही स्वतःचा वेळ आहे. त्या वेळात जे मावते ते तो पाहतो. कॅमेऱ्याला खोटारडा म्हणण्याचा अधिकार डोळ्याला नाही.

मग मुलाला दिलेले उत्तर खरे ठरते का? गणिताच्या हिशेबाने ठरते. समजा तो माणूस पाण्यात एका जागी दोन सेकंद होता. चित्राला लागली एकशेवीस सेकंदे. त्या जागेच्या एकूण प्रकाशातला साठावा हिस्सा त्याच्यामुळे अडला. मागून उजेड होता, तो काळा दिसत होता, म्हणजे त्याने प्रकाश दिला नाही, रोखला. त्याची नोंद बेरजेत नाही, वजाबाकीत आहे. जिथे जिथे तो पाऊल टाकत गेला तिथे तिथे समुद्र साठाव्या हिश्श्याने कमी उजळ आहे. हा फरक आपल्या डोळ्याला कळत नाही इतकेच. मुलाने बोट ठेवले त्या जागीही कदाचित तो असेल.

हे आम्ही मुलाला फळ्यावर समजावून सांगू शकलो असतो. सांगितले नाही. कारण हिशेब बरोबर असूनही त्यात काहीतरी लबाडी आहे, असे वाटत राहिले. जो दिसत नाही त्याला "तू आहेसच की यात" म्हणून गप्प बसवणे, हे आम्ही फार वेळा ऐकले आहे.

आणि केलेही आहे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण या अंकाच्या वाचकांपुढे लपवून काय उपयोग? आम्ही कोकणी मुसलमान, त्यातही जमाती. दालदी म्हणजे मासेमारी करणारे, वेगळे. मशिदीत सफ एक, खांद्याला खांदा. पण सोयरीक एक नाही, आणि पूर्वी तर जेवणाची पंगतही एक नसे. आमच्या समाजाच्या इतिहासाचे लेख निघतात, त्यांत अरब व्यापारी असतात, जहाजांचे मालक असतात, काझी, खोत, देशमुख असतात. त्या जहाजांचे दोर ओढणारे, जाळी विणणारे कुठे असतात? विचारले तर उत्तर मिळते, "तेही यातच आले की." समुद्रात कायम असलेला माणूस समुद्राच्या चित्रात नाही, आणि काठावरचा दगडी तट आहे. कारण तट हलत नाही. ज्याला पोटासाठी हलावे लागत नाही तो चित्रात येतो. आमचे "मग बरेच झाले" हे शब्द केवळ फोटोपुरते होते, असे आम्हांला आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तरीही आम्ही छायाचित्र उतरवले नाही. ते सुंदर आहे. इशानंतर घरात निजानीज झाली की आम्ही त्याच्यासमोर बसतो तेव्हा मनाला खरोखर शांतता मिळते. ती शांतता एका माणसाला पुसून आलेली आहे हे माहीत असूनही मिळते. हे आम्हांला पटत नाही, पण आहे हे असे आहे. सौंदर्य हा गुन्हा नाही. भाच्याने कुणाचे काही हिरावले नाही. त्या माणसाची पाटी भरली, पोहोचली, विकली गेली. मग आम्हांला टोचते ते काय?

विसाव्या शतकाच्या आरंभी मिसरचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्र जायज ठरवताना म्हटले होते की यात माणूस काही घडवत नाही, फक्त छाया रोखून धरतो. आपल्याकडच्या बऱ्याच उलेमांना ते पटले नाही, तो वाद वेगळा. पण छाया रोखून धरणे ही कल्पना आम्हांला आवडते. आमच्या भिंतीवरच्या चित्रात छाया रोखली गेली नाही, निसटली. आणि ती निसटली म्हणूनच चित्र आमच्या भिंतीसाठी पाक ठरले. माणसे दिसली असती तर अम्मींनी खिळा ठोकू दिला नसता. म्हणजे परहेजगारीलाही ही गैरहजेरी सोयीचीच पडली.

उर्दूच्या विज्ञानाच्या तासाला आम्ही इब्न-उल-हैसम शिकवतो. बसऱ्यात जन्मलेला, काहिऱ्यात हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाजिर' लिहिणारा. प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते, एवढे मुले पाठ करतात. पण त्याने आणखी एक भेद केला होता. एक पाहणे ओझरते असते आणि एक तअम्मुलचे, म्हणजे थांबून, एकेक भाग ताडून पाहण्याचे. आमची समजूत अशी होती की दोन मिनिटे उघडा राहिलेला कॅमेरा म्हणजे तअम्मुल. ही समजूत फार दिवस टिकली नाही.

गेल्या हिवाळ्यात तो मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आला, सोबत त्याचे वडील. सही करायची होती. आम्ही त्यांना आत बोलावले. ते दारातच बसत होते, आग्रह करून खुर्चीवर बसवले. मुलाने हळूच त्यांना चित्र दाखवले आणि कानात काही सांगितले. ते उठून जवळ गेले. आम्हांला धडकी भरली. तुम्हीच तो पाटीवाला का, हे विचारायचे धाडस झाले नाही.

त्यांनी बराच वेळ पाहिले. मग खडकावरच्या काळ्या ओल्या रेषेवर बोट ठेवून म्हणाले, "सुकती पुरी झाली नव्हती अजून. अर्धा तास बाकी होता." मग बोटींकडे आले. ज्या बोटींच्या डोलकाठ्या तिहेरी झाल्या होत्या त्या एका नांगरावर होत्या, म्हणून घुमल्या. मधली एक बोट जरा स्पष्ट होती. ती त्यांच्या शेठची. "दोन नांगर टाकले होते, मीच टाकले." वारा कुठून होता, तेही त्यांनी घुमण्याच्या दिशेवरून सांगितले. आम्ही तीन वर्षे ज्याला धुके म्हणत होतो त्यात ते एकेक काम वाचत होते.

शेवटी ते डाव्या कोपऱ्यातल्या तपकिरी झाकेपाशी थांबले. आम्ही म्हणालो, "तो खडक आहे."

"खडक कुठला, सर," ते म्हणाले, "तिथे वाळू आहे. हे बैल आहेत. गाडी भरेपर्यंत उभे राहतात ना पाण्यात."

मुलगा पुढे सरकला. "और आप, अब्बा?"

"मी असेन यांच्या पुढेमागे. पाट्या चढवत."

आतल्या खोलीतून अम्मींनी विचारले, "काय म्हणताहेत ते? बैल कुठे आहेत?"

आम्ही चहा सांगायला आत गेलो.